बॅच डिस्टिलेशन: रिफ्लक्स देऊनही मिथेनॉल ९७ ला का पोचत नाही?

गिरणाकाठचा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये सॉल्व्हंट रिकव्हरी बघतो. डिप्लोमा केमिकल आहे, पण कॉलेजात बॅच डिस्टिलेशन शेवटच्या आठवड्यात उरकलं होतं, त्यामुळे हिशेबाच्या नावाने शंखच.

माल मिथेनॉल-पाणी. एका बॅचला २२२० किलो चार्ज, हायड्रोमीटरवर ४३ टक्के मिथेनॉल. केटलवर (माल उकळायचं भांडं) ३ मीटर पॅकिंगचा कॉलम, आत २५ मिलिमीटरच्या पाल रिंग, म्हणजे पोकळ कड्या. बसवणाऱ्याने 'आठ प्लेटांचं काम करेल' असं सांगितलं होतं. रिफ्लक्स, म्हणजे वर थंड झालेल्या मालातला कॉलममध्ये परत सोडायचा भाग, टायमरवर: १० सेकंद परत, ५ सेकंद रिसीव्हरमध्ये. तासाला साधारण १०० किलो माल पडतो. केटल ९२ डिग्रीला गेली की बॅच बंद.

दुखणं असं की पहिल्या ड्रमलाच ९६ लागतं. शेवटी सगळं एकत्र केलं की ९३-९४. मालकाला ९७ हवं, नाहीतर ते मिथेनॉल प्रोसेसला परत चालत नाही. रिफ्लक्स वाढवला तर बॅच रात्रपाळीवर जाते. अंदाजपंचे टायमर फिरवून वैतागलोय. किती रिफ्लक्सला काय मिळेल, किती तास लागतील, हे आधी कागदावर काढता येतं का? पुस्तकात जिथे बघावं तिथे कंटिन्युअस कॉलम.

---

पांझरा_भाऊ | सोमवार, रात्री १०:०५

सरळ रिफ्लक्स १० कर, एक भाग बाहेर तर दहा परत. ९७ काय, ९९ येईल. आमच्याकडे असंच करतात.

---

शिरपूरकर_२२ | सोमवार, रात्री ११:३०

मी केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लगेच करून बघितलं. रेलेचं समीकरण लावलं. सुरुवात ०.४३, शेवट ९२ डिग्री म्हणजे द्रवात ०.०५. डिस्टिलेटची (वर आलेल्या मालाची) सरासरी आली ०.६१. दादा, तुमचं ९३ कसं येतं? की माझं चुकलं?

---

भुसावळचे_नाना | मंगळवार, सकाळी ६:५०

शिरपूरकर बाळा, दोन ठिकाणी चुकलास, पण रात्री साडेअकराला हिशेब करायला बसलास याचे मार्क देतो.

पहिली चूक. ४३ हे वजनी टक्के आहेत. हिशेब मोलात, म्हणजे रेणूंच्या संख्येत करायचा, आणि हायड्रोमीटर मोल ओळखत नाही. २२२० किलोतले ९६० किलो मिथेनॉल भागिले ३२ म्हणजे ३० किलोमोल. उरलेलं १२६० किलो पाणी भागिले १८ म्हणजे ७०. चार्ज बरोबर १०० किलोमोल आणि मोल अंश (एकूण मोलांत मिथेनॉलचा वाटा) ०.३०. गिरणाकाठच्याने आकडे असे सोयीचे दिलेत की मला संशय येतोय, हा परीक्षेचा पेपर तर नाही ना!

दुसरी चूक. तू जे लावलंस ते नुसत्या केटलचं, कॉलमविना. १९०२ साली लॉर्ड रेले यांनी मांडलं ते तसंच होतं: जी वाफ द्रवातून निघाली तीच बाहेर. तेच ०.३० पासून ०.०५ पर्यंत नीट केलंस तर ५२ किलोमोल डिस्टिलेट मिळेल, सरासरी ०.५३, म्हणजे वजनाने ६७ टक्के. कॉलम नसता तर याच्या ड्रममध्ये हे भरलं असतं. ९३ येतंय ती कॉलमची कमाई.

गिरणाकाठचे, तुमची 'आठ प्लेटा' मला पचत नाही. आठ खऱ्याच असत्या तर रिफ्लक्स २ ला पहिला ड्रम ९९ लागला असता. आधी प्लेटा मोजा, हिशेब मग.

---

गिरणाकाठचा | मंगळवार, दुपारी १:१५

नाना, पेपर नाही हो, बॅच शीटवरचे आकडे आहेत. पण पॅकिंगमध्ये प्लेटा कुठे असतात? मोजू काय?

---

भुसावळचे_नाना | मंगळवार, रात्री ८:३०

प्लेट म्हणजे इथे पत्रा नव्हे. चढणारी वाफ आणि उतरणारं द्रव यांचा पूर्ण समतोल होण्याइतकी एक पायरी. केटल स्वतः एक पायरी. बाकीच्या पॅकिंगने द्यायच्या. २५ मिलिमीटरच्या पाल रिंगने नीट काम केलं तर साधारण अर्ध्या मीटरला एक पायरी धरतात, म्हणजे तुमच्या ३ मीटरला सहा तरी.

मोजायचं असं. बॅच अर्धीअधिक झाली, केटल ८८-८९ डिग्रीला आली की रिसीव्हरकडे जाणारं बंद. सगळा माल परत कॉलममध्ये. तासभर तसंच चालू द्या, वरचं तापमान हलायचं थांबेपर्यंत. मग वरचा आणि केटलचा नमुना एकाच वेळी काढा, थंड करा, झाकण लावा आणि मग मोजा. गरम नमुन्यातून मिथेनॉल उडून जातं आणि आकडा खोटा येतो.

सुरुवातीलाच का नको? कारण ०.३० च्या केटलवर चारच पायऱ्यांत वरती ०.९७ होतं. त्या टोकाला एकेक पायरी केसाएवढी असते, हायड्रोमीटरला ती दिसत नाही. केटल पातळ झाली की पायऱ्या लांब लांब पडतात.

---

सातपुड्याखाली | मंगळवार, रात्री ९:१०

आमच्या नंदुरबारकडे मोहाच्या भट्टीवाल्याला हायड्रोमीटर लागत नाही. चमच्यात घेऊन काडी लावतो, जाळ बघून सांगतो. 😀

---

भुसावळचे_नाना | मंगळवार, रात्री ९:२५

हसण्यावारी नेऊ नका. हा खेळ मिथेनॉलशी करायचा नाही. त्याचा जाळ दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. हात भाजल्यावर कळतं की पेटलंय. आणि थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात. प्लँटवर वास घेऊन नमुना ओळखणारे 'अनुभवी' लोक मी पाहिलेत, त्यांचा अनुभव घेऊ नका.

---

कट्टा_व्यवस्थापक | मंगळवार, रात्री ९:४०

भट्टीची चर्चा इथेच थांबवूया. धागा सॉल्व्हंट रिकव्हरीचा आहे.

---

गिरणाकाठचा | शुक्रवार, सायंकाळी ७:२०

केलं. केटल ८८.५ ला असताना सगळं परत फिरवलं, सव्वा तास थांबलो. वरचा नमुना ९७ टक्के, केटलचा १५ टक्के (दोन्ही वजनी). म्हणजे ९७ आलं खरं, पण ड्रममध्ये एक थेंब नाही! मालक येऊन विचारून गेले, 'स्टीम चालू, पाणी चालू, माल कुठाय?'

---

भुसावळचे_नाना | शुक्रवार, रात्री ९:००

मालकांना म्हणावं, एवढ्या वेळात तुमच्या कॉलमचं वय कळलं.

१५ वजनी म्हणजे मोलात ०.०९. ९७ म्हणजे ०.९५. सगळा माल परत फिरत असताना वरून उतरणारं द्रव आणि खालून येणारी वाफ यांची रचना एकच असते, म्हणून समतोलाच्या तक्त्यावर नुसत्या उड्या मारायच्या. १ वातावरण दाबाला मिथेनॉल-पाण्याचा तक्ता कुठल्याही पुस्तकात आहे. द्रव ०.०९ असेल तर वाफ ०.३९. ती ०.३९ द्रव झाली की वाफ ०.७२. मग ०.८८. मग ०.९५. चार उड्या.

चार म्हणजे केटल एक आणि पॅकिंगच्या तीन. ३ मीटरला तीन. मीटरला एक. सहा द्यायला हव्या होत्या.

---

पांझरा_भाऊ | शुक्रवार, रात्री ९:२०

नाना, बठ्ठं मन्हा डोकावरथून गयं. पण तीन तर तीन, रिफ्लक्स १० करायला कोण अडवतंय?

---

केळीचं_पान | शुक्रवार, रात्री १०:४५

मी धुळ्याला हा विषय शिकवते, म्हणून पांझरा_भाऊंच्या प्रश्नाला थेट आकड्यातच उत्तर देते.

गिरणाकाठचे दादा वरच्या नमुन्यात जे बघून आले तो अनंत रिफ्लक्स होता. १० नाही, शंभर नाही, अनंत. आणि तेव्हाही केटल ०.०९ ला असताना वर ०.९५ च होतं. म्हणजे या चार पायऱ्यांच्या कॉलमला ०.९५ देत देत केटल ०.०९ च्या खाली नेणं कुठल्याच रिफ्लक्सने शक्य नाही. टायमर कितीही फिरवा. पायऱ्या कमी असल्या की रिफ्लक्स एका हद्दीपर्यंत उसनवारी करतो, त्यापुढे देणेकरी हात वर करतो.

---

भुसावळचे_नाना | शनिवार, सकाळी ७:१५

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. आता सध्या जे चाललंय त्याचाच हिशेब करू. तो जुळला तरच पुढच्या हिशेबावर विश्वास ठेवायचा.

अक्षरं मराठीत धरतो. व म्हणजे वरच्या मालाचा मोल अंश, क केटलमधला, र रिफ्लक्स. १० सेकंद परत आणि ५ सेकंद बाहेर म्हणजे र = २.

कॉलममध्ये कुठेही छेद घेतला तर:

खालून येणारी वाफ = [र ÷ (र+१)] × वरून उतरणारं द्रव + व ÷ (र+१)

र = २ ला हे झालं: वाफ = ०.६६७ × द्रव + ०.३३३ × व. ही ऑपरेटिंग लाइन. मॅककेब आणि थील यांनी १९२५ मध्ये कंटिन्युअस कॉलमसाठी पायऱ्या काढायची जी रीत दिली तीच इथे. फरक इतकाच की बॅचमध्ये ही रेषा एका जागी थांबत नाही, माल पातळ होत जातो तशी खाली सरकते.

युक्ती अशी की क धरून व शोधायला जाऊ नका, चाचपडत बसाल. व धरा आणि चार पायऱ्या उतरा, क आपोआप मिळतो. एक करून दाखवतो. व = ०.९०. त्याच्याशी समतोल द्रव ०.७६७. रेषेवरून खालची वाफ ०.८११, तिचं द्रव ०.५७०. पुढची वाफ ०.६८०, द्रव ०.३२३. पुढची ०.५१६, द्रव ०.१४९. चार झाल्या. म्हणजे केटल ०.१४९ असते तेव्हा वरून ०.९० पडत असतं.

असंच बाकीचं:

व ०.९३५ → क ०.२९१
व ०.९२ → क ०.२११
व ०.९० → क ०.१४९
व ०.८५ → क ०.०९२
व ०.८० → क ०.०७२
व ०.७० → क ०.०५३

क ०.३० ला, म्हणजे पहिल्या थेंबाला, व येतो ०.९३६. वजनात ९६.३. तुमचा पहिला ड्रम ९६ च लागतो ना?

आता रेले, पण 'वाफ वजा द्रव' ऐवजी 'व वजा क':

नैसर्गिक लॉग (चार्ज ÷ उरलेलं) = ∫ डीक ÷ (व − क)

१ ÷ (व − क) प्रत्येक ओळीला काढा. ०.३० ला १.५७, मध्ये ०.०९ ला १.३२, शेवटी ०.०५ ला १.५९. समलंब चौकोनांची बेरीज ०.३५२. म्हणजे चार्ज भागिले उरलेलं १.४२. केटलमध्ये ७०.३ किलोमोल उरलं, २९.७ वर आलं. मिथेनॉलचा ताळा: ३० मधून केटलमधले ३.५ वजा, २६.५ भागिले २९.७, सरासरी ०.८९. वजनी ९३.६. किलोत ९०५, साडेपाच ड्रम.

वेळ: वर आलेल्या दर किलोमोलला कॉलममधून (र+१) किलोमोल वाफ चढते. ८९ किलोमोल वाफ. तुमचा दर तासाला १०० किलो, म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलोमोल, म्हणजे वाफ तासाला १०. नऊ तास. बरोबर?

---

गिरणाकाठचा | शनिवार, सकाळी ९:०५

नाना, अंगावर काटा आला. बॅच शीटवर ९ तास, साडेपाच ड्रम, ९३.५. तुम्ही आमच्या प्लँटवर कॅमेरा लावलाय का?

---

शिरपूरकर_२२ | शनिवार, सकाळी १०:३०

नाना, एक विचारू? कॉलममध्ये आणि कंडेन्सरमध्ये अडकलेला माल धरलाच नाही. आणि मिथेनॉल-पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता वेगळी, मग वाफ वरपर्यंत १० च कशी राहील?

---

भुसावळचे_नाना | शनिवार, दुपारी १२:४०

दोन्ही खरं. अडकलेला माल चार्जच्या दोन-चार टक्के असेल तर सोडून द्यायचा. दहा टक्के असेल तर हा हिशेब फसतो. उष्णता पाण्याची ४०.७, मिथेनॉलची ३५ च्या आसपास किलोज्यूल प्रति मोल. काही टक्क्यांची चूक होते. तुला पीएचडी करायची असेल तर धर, यांना ड्रम भरायचेत.

---

केळीचं_पान | शनिवार, दुपारी ४:००

नानांच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळींकडे बघा. केटल ०.०९ पासून ०.०५ ला जाताना वरचा माल ०.८५ वरून ०.६८ ला घसरतो. हे शेवटचे सव्वाचार किलोमोल, म्हणजे जेमतेम पाऊण ड्रम, त्यांची सरासरी ०.७८. ते वेगळ्या ड्रममध्ये काढून पुढच्या चार्जमध्ये घातले तर उरलेला मुख्य माल ९३.६ ऐवजी ९४.८ होतो. फुकटात सव्वा टक्का. चांगल्या शेवभाजीत शेवटी पाणी ओतायचं कशाला?

पण ९७ नाहीच.

दुसरा मार्ग रिफ्लक्स हळूहळू वाढवत व एका जागी धरून ठेवायचा. स्थिर रिफ्लक्सचा हिशेब स्मोकर आणि रोझ यांनी १९४० मध्ये मांडला, हा दुसरा बोगार्ट यांचा, १९३७ चा. यात समाकलनाआधीच माल कळतो: डिस्टिलेट = चार्ज × (०.३० − क) ÷ (व − क). आपल्या चार पायऱ्यांवर व = ०.९५ धरलं तर सुरुवातच र = ३ ने करावी लागते. केटल ०.२१ ला र = ५, ०.१७ ला ७, ०.१४ ला १०. नऊ तासांत हाती १६.८ किलोमोल. आत्ता त्याच नऊ तासांत २९.७ मिळतात. १० पर्यंत ताणलं तरी साडेअकरा तास जातात आणि निम्म्याहून थोडं जास्त मिथेनॉल हाती येतं. पांझरा_भाऊ, हे तुमचं 'रिफ्लक्स १० कर'.

---

पांझरा_भाऊ | शनिवार, दुपारी ४:२०

ताई, माघार. 🙏 मग आमच्याकडे १० ला कसं जमतं?

---

केळीचं_पान | शनिवार, दुपारी ४:३५

तुमच्याकडे पायऱ्या जास्त असतील. तसं असेल तर १० ची गरजच नसेल आणि स्टीम वाया जात असेल. तुम्हीही मोजून बघा.

---

भुसावळचे_नाना | रविवार, सकाळी ८:००

ताईंच्या रीतीने मी रात्री फक्त दोन पायऱ्या वाढवून बघितल्या. चारच्या सहा. व = ०.९५ च.

सुरुवात र = १.२ ने होते. केटल ०.१९ ला १.५, ०.१२ ला २, ०.०७ ला ३, आणि ०.०५ च्याही किंचित खाली ४. एकूण माल २७.९ किलोमोल, सगळा ९७ वजनी. मिथेनॉल ८८ टक्के हाती, म्हणजे आजच्याइतकंच. वाफ ७७ किलोमोल. पावणेआठ तास.

पुन्हा वाचा. जास्त शुद्ध माल, वेळ कमी, स्टीम कमी. टायमरने जे अकरा तासांत जमत नाही ते दोन पायऱ्या आठ तासांत करतात. त्या तुमच्याकडे ३ मीटरमध्ये असायलाच हव्यात. पॅकिंग कुठेतरी कोरडं पडतंय. कॉलम उघडा. पहिला संशय वरच्या डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे रिफ्लक्स पॅकिंगभर सारखा पसरवणाऱ्या भागावर.

---

गिरणाकाठचा | रविवार, रात्री ८:४५

उघडायला मालक तयार होतील असं वाटतं, या आकड्यांची प्रिंट काढून दाखवतो. एक शंका: उन्हाळ्यात कंडेन्सर कमी पडतो म्हणून तर असं होत नसेल ना? सध्या जळगावात ४४ आहे.

---

पांझरा_भाऊ | रविवार, रात्री ९:००

ह्याच्यावर मात्र मी ठाम. मे महिन्यात कंडेन्सर मार खातोच.

---

केळीचं_पान | रविवार, रात्री १०:१०

इथेही पूर्ण सहमत नाही. 🙂 कूलिंग टॉवर हवेचं साधं तापमान बघत नाही, ओल्या फडक्याच्या तापमापीचं बघतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ४४ ला सुद्धा तो आकडा बराच खाली राहतो. माठातलं पाणी मे महिन्यात गार लागतं आणि जुलैत लागत नाही, तेच कारण. टॉवरचं पाणी दमट जुलैत जास्त गरम येतं. मे महिन्यातलं दुखणं वेगळं, पाणी उडून जातं. तुमच्या १० किलोमोल वाफेला तासाला साधारण ३६० मेगाज्यूल काढायचे. ५ डिग्रीच्या फरकावर ताशी १७ घनमीटर पाणी फिरलं पाहिजे आणि त्यातलं दीडशे लिटर तासाला उडतं.

---

गिरणाकाठचा | रविवार, रात्री १०:२५

टँकरच्या बिलावरून पटलं.

---

गिरणाकाठचा | (तीन आठवड्यांनी) गुरुवार, रात्री ९:३०

धागा वर काढतोय.

कॉलम उघडला. पाण्याने धुतला, वाफ मारली, वायूची तपासणी करून मगच माणूस जवळ गेला (नाना, तुमची आठवण काढून). डिस्ट्रिब्युटर एका बाजूला चक्क बोटभर खाली झुकलेला. त्यातली निम्मी भोकं क्षाराने बुजलेली. म्हणजे रिफ्लक्स एका कडेने भिंतीवरून खाली, उरलेलं पॅकिंग कोरडं ठाक. वर पाल रिंगा वीतभर बसलेल्या.

भोकं मोकळी केली, वीतभर रिंगा भरल्या. लेव्हलला इंजिनिअरिंगवाला दोन दिवस येईना, मग शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाण्याची नळी आणली आणि तिनेच डिस्ट्रिब्युटर लेव्हल केला.

पुन्हा तीच चाचणी. केटल १५ टक्के. वरचा नमुना हायड्रोमीटरने धड सांगता येईना म्हणून कार्ल फिशरवर (नमुन्यातलं पाणी मोजायची चाचणी) लावला, पाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

---

भुसावळचे_नाना | गुरुवार, रात्री १०:००

म्हणजे मोलात ०.९९. ०.०९, ०.३९, ०.७२, ०.८८, ०.९५, ०.९८, ०.९९. सहा उड्या. पॅकिंगच्या पाच. सहा असत्या तर आणखी आनंद, पण गवंड्याच्या नळीला एवढं पुष्कळ.

आता टायमर केटलच्या तापमानावर बांधा, ऑपरेटरला मोल अंश सांगू नका. सुरुवातीपासून ८२ डिग्रीपर्यंत १५ सेकंद परत, १० बाहेर. ८२ ते ८६.५ पर्यंत १०-५. तिथून ९०.५ पर्यंत १५-५. शेवटी ९२.५ पर्यंत २०-५. असं टप्प्याटप्प्याने केलं की रिफ्लक्स गरजेपेक्षा थोडा जास्तच राहतो, म्हणून पावणेआठचे साडेआठ तास होतील. शिवाय चार्ज उकळीला यायला तासभर आणि माल काढायच्या आधी अर्धा तास सगळं परत फिरवायला.

---

गिरणाकाठचा | पुढच्या मंगळवारी, रात्री ९:१५

तीन बॅच झाल्या. ९७.२, ९६.९, ९७.१. माल काढायला पावणेनऊ ते नऊ तास, कारण रात्री बॉयलरवर दुसरं युनिट लागलं की स्टीमचा दाब पडतो. मालक खूश आहेत, पण तोंडाने म्हणाले एवढंच की 'गवंड्याला नळी परत केली का?'

आता म्हणतात, मिथेनॉल-टोल्यूनचे वीस ड्रम पडलेत, त्याचाही असाच तक्ता काढ.

---

शिरपूरकर_२२ | मंगळवार, रात्री ९:३०

दादा, एक्सेल मी बनवलंय, समतोलाचा तक्ता बदलला की झालं! पाठवू?

---

भुसावळचे_नाना | मंगळवार, रात्री ९:५०

थांब बाळा, झालं नाही. मिथेनॉल-टोल्यूनचा अझिओट्रोप होतो. वाफ आणि द्रव मध्येच एक होतात, तुझा व − क तिथे शून्याकडे जाईल आणि एक्सेल भागाकारात अडकेल. पायऱ्या सहा असोत की साठ, त्यापलीकडे उडी नाही. तिथे पाणी घालून थर वेगळे करण्यापासून सुरुवात करावी लागते. मिथेनॉल पाण्यात जातं, टोल्यून वर तरंगतं, आणि खालचा थर आला की तो आपल्या याच कॉलमवर. त्याचा नवा धागा काढा, ड्रमवरच्या नमुन्यांचे आकडे घेऊन या. वजनी की मोल ते लिहा.